सतरा सेंटीमीटर लोकर

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. धाकटा भाऊ पंधरा दिवस राहून लंडनला परत निघाला होता. रात्री दहाला तो टॅक्सीत बसला, दोनच्या सुमारास विमान उडाल्याचं कळलं आणि मी अंथरुणाला पाठ टेकली. साडेतीनला जाग आली तेव्हा बाहेरच्या खोलीत निळसर उजेड होता. आई खुर्चीत बसली होती. शाल गुडघ्यांवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दोन्ही हातांत मोबाइल असा धरलेला की जणू त्यात काठोकाठ पाणी भरलंय. विमान कुठवर गेलं ते दाखवणारं ॲप भावानेच निघताना तिला लावून दिलं होतं. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता ती म्हणाली, "हा सरळ का जात नाहीये गं? लंडन तर वर आहे. हा नुसता डावीकडे चाललाय." मी झोपेत होते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. "अगं, त्यांना कळतं. तू झोप बरं," म्हणाले आणि वळले. पाठीमागून तिचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा: "आता तर दिसतच नाहीये."

मी थांबले नाही.

सकाळी सातला उठले तेव्हा ती त्याच खुर्चीत होती. मोबाइल चार्जरला लावलेला, आणि वायर पुरावी म्हणून खुर्ची भिंतीजवळ ओढलेली. शेजारी जुन्या वहीचं पान. त्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरात: 'मुंबई–लंडन ७,२०० कि.मी. ८ तास ३० मि.' खाली बेरीज: दोन अधिक साडेआठ बरोबर साडेदहा. दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं एक पान तिने इंटरनेटवर शोधून काढलं होतं. साडेदहाला विमान उतरायला हवं होतं. ते उतरलं सव्वाबाराला. मधला पावणेदोन तास तिने कसा काढला हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या जूनमध्ये अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडाल्याबरोबर कोसळलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात विमानाचा विषय कुणी सहज काढत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी तिला झोप म्हणाले होते.

ते 'त्यांना कळतं' पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. साडेआठ तास कुठून येतात आणि सव्वादहा कसे होतात, विमान डावीकडे का जातं, ठिपका समुद्रावर का विरतो, यातलं काहीच मला सांगता आलं नसतं. मी माझं अज्ञान तिच्या काळजीवर पांघरूण म्हणून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी माळ्यावरून आमचा पृथ्वीचा गोल खाली काढला. शाळेत असताना भावाला मिळालेला, तीस सेंटीमीटर व्यासाचा. अजून त्यावर सोव्हिएत संघ गुलाबी रंगात पसरलेला आहे. भारताच्या डोक्यावर, धरून धरून, बोटांचा काळपट डाग पडलाय. आई विणकाम करते. तिने टोपलीतून निळ्या लोकरीचा तुकडा काढला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं लंडनवर, आणि लोकर ताणली. मी बघत राहिले, कारण लोकर मला वाटलं होतं तिथून गेलीच नाही. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते लंडन पट्टी ठेवली तर ती इराक, तुर्कस्तानावरून जाते असं मी मनात धरलं होतं. ताणलेली लोकर मात्र अरबी समुद्राचा कोपरा कापून बलुचिस्तानात शिरली, इराणवरून कास्पियन समुद्राच्या दक्षिण भागात गेली, मग काळ्या समुद्राच्या उत्तरेला, क्रिमियाच्या अंगाने युक्रेन, पोलंड, जर्मनी, आणि तिथून लंडन. गोलावर ताणलेला धागा आपणहून सगळ्यात जवळची वाट शोधतो. भूगोलाच्या पुस्तकात बृहद्वृत्त म्हणून जे शिकलो होतो ते हेच, तेव्हा मार्कांसाठी पाठ केलेलं. सपाट नकाशावर पट्टीने आखलेली सरळ रेघ प्रत्यक्षात सुमारे दोनशे किलोमीटर लांब पडते, आणि नकाशावर जी वाट बाक घेतल्यासारखी दिसते ती खरी सरळ.

आईने लोकर पट्टीवर ठेवली. सतरा सेंटीमीटर. मग तिने गोलाच्या पोटाभोवती लोकर गुंडाळून तीही मोजली, चौऱ्याण्णव भरली. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे सेंटीमीटरला सव्वाचारशेच्या आसपास. सतरा गुणिले चारशे पंचवीस. वहीत तिने गुणाकार मांडला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या: ७,२२५. "बरोबर आहे की त्या पानावरचं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांनी ते जुनं समाधान दिसलं, स्वेटरच्या दोन्ही बाह्या मापाला मिळाल्या की दिसतं तसं.

अंतर बरोबर होतं. म्हणजे चूक वेळात होती, आणि वेळाचा हिशोब ते पान फार भोळेपणाने करत होतं. मोठी प्रवासी विमानं वरती ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जातात. सात हजार दोनशेला नऊशेने भागा, आठ तास. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घाला, साडेआठ. त्यात वारा नाही, देश नाहीत, धावपट्टीपर्यंतची रांग नाही. विमान कंपन्या वेळापत्रकात जो वेळ लावतात तो चाकांची अडण निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा असतो. त्यात जमिनीवरचं रांगणंही धरलेलं असतं. आणि तिकिटावर तर निघण्याची वेळ इथली आणि पोचण्याची तिथली. रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोचणार असं वाचलं की वाटतं, चला, साडेपाच तासच तर आहेत. इथल्या आणि तिथल्या घड्याळांमधले, उन्हाळ्यातले साडेचार तास कागदावर कुठेच दिसत नाहीत. आई पूर्वी त्या साडेपाचावरच खूश असायची. एकदा भावाने समजावलं आणि तिची ती खुशी गेली.

वाऱ्याचं तिला पटायला वेळ लागला. आधी ती म्हणाली, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग विमान वर गेलं की लंडनच खालून चालत यायला हवं, जाताना कमी वेळ लागायला हवा. मला हा प्रश्न इतका आवडला की मी दोन दिवस त्यावर वाचत बसले. हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते, म्हणून लंडन आपणहून जवळ येत नाही. पण विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्यातल्या फरकामुळे, आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्या हवेला मिळणाऱ्या वळणामुळे, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हवेचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. विमानं उडतात नेमकी त्याच उंचीवर. हिवाळ्यात हे जेट प्रवाह जास्त जोरात असतात. कधी ताशी शंभर किलोमीटर, कधी दोनशे, कधी तीनशेच्याही वर. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने आपला अहवाल १९२६मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. बाहेर तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना वर हा वारा आडवा आला तेव्हा सगळे चकित झाले. सर्वांना समजावी म्हणून निवडलेल्या भाषेतच ती गोष्ट पडून राहिली, याचं मला फार वाईट वाटलं. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती ओइशीसाठी हळहळली, अगदी नात्यातल्या कुणासारखी.

मग आम्ही दोघींनी एक हिशोब केला. समजा संपूर्ण वाटेवर ताशी शंभर किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून, म्हणून वेग आठशे, वेळ नऊ तास. येताना तो पाठीमागून, वेग हजार, वेळ सात तास बारा मिनिटं. वारा नसता तर दोन्हीकडे आठ-आठ तास. आईने बोटावर मोजलं. जाताना वारा साठ मिनिटं घेतो आणि येताना अठ्ठेचाळीसच देतो. "बारा मिनिटं त्याच्याकडेच राहतात की," ती म्हणाली. मी पुन्हा गणित करून पाहिलं, कारण मला वाटत होतं की घेतलं तेवढं परत मिळतच असणार. मिळत नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं, म्हणून तो जास्त खातो. पाठीमागचा वारा जेवढा वेळ लाभतो तेवढ्यात मोबदला पुरा होत नाही. वारा कितीही असो, जाऊन-येऊन हिशोब नेहमी थोडा तोट्यातच. आईने वहीत फक्त '१२ मि.' असं लिहून भोवती चौकट काढली.

लोकर अजून गोलावर होती. बलुचिस्तानवर बोट ठेवून मी सांगितलं की हे पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना २४ एप्रिल २०२५ पासून बंद आहे. भावाचं विमान भारतीय कंपनीचं, म्हणून त्या रात्री ते आधी पश्चिमेला, समुद्रावरून गेलं. २०१९मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच बंद होतं. मग बोट पुढे नेलं, युक्रेनवर. ते आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. १९४४च्या शिकागो करारात लिहून ठेवलंय की जमीन ज्याची, तिच्यावरचं आकाशही पूर्णपणे त्याचं. आई गोल फिरवून फिरवून बघत होती. वरून बघितलं तर गोलावर रेषा आहेत त्या फक्त छापलेल्या, आणि हा गोल तर इतका जुना की त्यातल्या बऱ्याच रेषा आता उरल्याही नाहीत. पण ती जी लोकर ताणत होती तिच्या वाटेत त्या खऱ्या भिंतींसारख्या उभ्या होत्या. मी तिला हेलसिंकीचं सांगितलं. तिथून टोकियोला पूर्वी रशियावरून नऊ-साडेनऊ तासांत जाता यायचं. रशियाचं आकाश बंद झाल्यापासून तीच विमानं उत्तर ध्रुवाकडून वळसा घालतात आणि तेरा तास घेतात. शहरं जागची हलली नाहीत. गोलावरचं अंतर एक मिलिमीटरने वाढलं नाही. "मग लांब कोण गेलं?" आईने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

तिने लोकरीचा दुसरा तुकडा घेतला, या वेळी तपकिरी. भाऊ गेला त्या वाटेने, म्हणजे ॲपमध्ये विमान गेल्यावर जी रेघ मागे उरते तिच्याकडे बघत, टाचणीऐवजी बोटांनी जागोजागी दाबत तिने तो गोलावर बसवला. समुद्रावरून अरबस्तानाकडे, तिथून वर, युरोपात. शेवटी कात्रीने कापून निळ्या तुकड्याशेजारी ठेवला. तपकिरी तुकडा दीड बोट जास्त लांब होता. दोन्ही तुकडे तिने वहीत, त्या चौकटीतल्या बारा मिनिटांच्या पानात ठेवले. अजून तिथेच आहेत.

विमानाची भीती तुला पहिल्यांदा कधी वाटली, असं मी त्या संध्याकाळी तिला विचारलं. तिने जूनमधल्या अपघाताचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, सहासष्ट साली. २४ जानेवारी १९६६. ती तेव्हा शाळेत होती. होमी भाभांचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आपटलं ती बातमी रेडिओवर ऐकून तिचे वडील उभेच राहिले होते, खाली बसायचं विसरले, एवढं तिला आठवतं. 'कांचनजंगा' नावाचं ते बोइंग मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असं लंडनकडेच निघालं होतं. ११७ माणसं. त्याआधी १९५०मध्ये 'मलबार प्रिन्सेस' त्याच डोंगरावर आपटलं होतं, ४८ माणसांसह. १९४८च्या जूनमध्ये मुंबईहून लंडनला जी पहिली भारतीय विमानसेवा सुरू झाली, तिचं पहिलं विमान ते. भाभांच्या विमानात नेमकं काय झालं ते मी नंतर वाचलं. वैमानिकाचा समज झाला की डोंगर मागे पडला. डोंगर मागे पडला नव्हता. दिशा आणि जागा सांगणाऱ्या यंत्रांपैकी एक विमानात बिघडलेलं होतं, जमिनीवरून सांगितलेल्या जागेचा अर्थ वेगळा लागला आणि विमान उतरायला लागलं. थोड्याच किलोमीटरांचा फरक. हे वाचल्यावर आईचं रात्रभर ठिपक्याकडे बघत बसणं मला वेगळं दिसायला लागलं. तिला वेळ नको होता, तिला जागा हवी होती. आता, या क्षणी, कुठे.

पूर्वी हे कळायची सोयच नव्हती, आणि कदाचित म्हणून सोसणंही वेगळं असेल. १९२९मध्ये लंडनहून कराचीला विमानाची टपालसेवा सुरू झाली तेव्हा ती पोचायला सात दिवस लागत, आणि मधला एक टप्पा चक्क आगगाडीने होता. तेच टपाल कराचीहून पुढे मुंबईला आणायला १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा छोटंसं पुस मॉथ घेऊन निघाले होते. आठवडाभर पत्र हवेत आहे म्हणजे काय, हे त्या काळच्या आयांनी कसं निभावलं असेल? पत्र येईपर्यंत माणूस पोचलेलाच धरायचा. आमच्या आईला मात्र विमान दर काही सेकंदांनी पुढे सरकलेलं दिसतं, आणि नाही सरकलं की तिचा श्वास सरकत नाही. विमान आपली जागा सेकंदाला दोनदा रेडिओवरून सांगत असतं. ती ऐकणारे अँटेना जमिनीवर असतात, पुष्कळदा हौशी माणसांनी आपल्या गच्चीवर लावलेले. त्यांचा पल्ला चारशे किलोमीटरच्या आसपास. भर समुद्रात गच्च्या नाहीत. म्हणून ठिपका मुंबईपासून तासाभरात फिका पडतो, मग अंदाजाने थोडा पुढे सरकतो, मग थांबतो. विमान बोलतच असतं. ऐकायला कुणी नसतं.

हे तिला त्या रात्री साडेतीनला सांगता आलं असतं. दोन मिनिटं लागली असती.

लंडनवर पोचल्यावर गोल गोल का फिरतं, तेही तिने विचारलं होतं, भावाला, फोनवर. हीथ्रोच्या आसपास बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठरलेल्या जागा आहेत, तिथे विमानं एकावर एक हजार-हजार फुटांच्या अंतराने घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट बघतात. सगळ्यात खालचं सुटलं की वरची एकेक पायरी उतरतात. सात हजारांवर किलोमीटर येऊन शेवटी दहा-पंधरा मिनिटं घराच्या माथ्यावर फिरत राहायचं. भाऊ म्हणतो, खिडकीतून कधी कधी त्याला तेच तळं तीनदा दिसतं. आईला हे फार आवडलं. त्या घिरट्यांची तिला भीती वाटत नाही. त्या सुरू झाल्या की ती उठून तोंड धुवायला जाते.

डिसेंबरअखेर भाऊ पुन्हा आला. येताना वारा पाठीशी होता. विमान वेळेआधी बावीस मिनिटं उतरलं, आणि आईने वहीत ती बावीस मिनिटं जमेच्या बाजूला मांडली. जानेवारीत तो परत निघाला. या वेळी मी झोपायला गेले नाही. दोघी बाहेरच्या खोलीत बसलो, खुर्ची भिंतीजवळ, मी खाली चटईवर, पाठ तिच्या गुडघ्यांना टेकून. थंडी होती, शाल दोघींवर पुरवून घेतली. ठिपका धावपट्टीवर वळला, पळाला, किनारा ओलांडून डावीकडे निघाला. "वळसा घेतोय," आई म्हणाली, मला सांगितल्यासारखी. तासाभराने तो फिका पडला. थोडा सरकला. थांबला.

आम्ही काही बोललो नाही. तिने मोबाइल बाजूला ठेवला नाही, पण विणकामाची टोपली पायाशी ओढून घेतली आणि सुया हातात घेतल्या. मोबाइल मांडीवर, उजेड खालून तिच्या हनुवटीवर. एक ओळ, उलट टाके, दुसरी ओळ. मी मनात मोजत होते, चारशे किलोमीटर, नऊशेच्या वेगाने, समोरून वारा. माझा हिशोब चुकला. तीस मिनिटं म्हटलं होतं, पन्नास झाली. मग एकदम, ओमानच्या किनाऱ्याजवळ, जिथे तो असेल असं आम्हाला वाटलं होतं त्याच्या बराच उत्तरेला, ठिपका पुन्हा उगवला, पिवळाधमक.

आईने ओळ पुरी केली. सुई कानामागे खोचली आणि माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाली, "बघ, समुद्र संपला."